लाकडी जमीन : रंगाआधी ओल पाहा

घर सजविताना भिंतीचा रंग चुकला, तर तो दोन वर्षांनी बदलता येतो. पडदे तर सहज बदलता येतात. जमिनीचे तसे नसते. एकदा घातलेली जमीन काढायची म्हणजे सामान हलविणे, तोडफोड आणि दुप्पट खर्च. त्यामुळे दुकानातील नमुन्याच्या रंगावर भाळून निर्णय घेण्यापूर्वी आपल्या घरात पाणी आणि दमटपणा कोठून येतो, याचा विचार आधी करायला हवा.

लाकडी जमीन आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांत तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी ठोकून तीवर मातीचा थर दिला जाई. मुंबईतील अनेक जुन्या चाळींचे मजलेही सागवानी तुळयांवर उभे राहिले. या लाकडाला खालून वारा मिळत असे. आज मात्र लाकूड थेट काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा जुन्या फरशीवर बसविले जाते. खाली साचलेली ओल बाहेर पडायला वाट नसते. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा बदल फळीच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत जाणवण्याइतका असतो. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर पुण्यात उन्हाळ्यातील दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. दहा सेंटिमीटर रुंदीची फळी केवळ एक मिलिमीटर फुगली, तरी तीन मीटर रुंद खोलीतील तीस फळ्या मिळून तीन सेंटिमीटर जागा मागतात. ती न मिळाल्यास जमीन मधोमध उचलली जाते.

कोणता पर्याय निवडावा?

अस्सल लाकडाच्या फळ्या साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या असतात. ओरखडे पडले, तर घासून पुन्हा पॉलिश करता येते आणि नीट सांभाळल्यास ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्या हवामानात चांगला वाळविलेला साग त्यातल्या त्यात भरवशाचा, कारण तो इतर अनेक लाकडांपेक्षा कमी फुगतो आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवीलाही बराच दाद देत नाही. हा पर्याय महाग आहे आणि कारागिरावर बराचसा अवलंबून आहे.

इंजिनीअर्ड वुडमध्ये वरचा थर अस्सल लाकडाचा, तर खाली प्लायसारखे एकमेकांना आडवे थर असतात. त्यामुळे फुगणे बरेच कमी होते. खरेदी करताना वरच्या थराची जाडी अवश्य विचारावी. तीन-चार मिलिमीटरचा थर एक-दोनदा घासता येतो. अगदी पातळ असेल तर मुळीच नाही.

लॅमिनेटमध्ये दिसते ते लाकूड नसून लाकडाचे छापील चित्र असते. आतला गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असतो. ओरखडे तो चांगले सोसतो, मात्र सांध्यांतून पाणी आत गेले की कडा फुगतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. ते घासून नवे करता येत नाही.

एसपीसी फळ्या चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांपासून बनतात. पाण्याने त्या फुगत नाहीत. मात्र कडक ऊन थेट पडणाऱ्या खिडकीजवळ त्या तापून प्रसरण पावतात, हे लक्षात ठेवावे.

लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाण्याला सर्वांत निश्चिंत. पायाला मात्र त्या गार लागतात आणि गुळगुळीत प्रकार ओले झाले की घसरतात. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, तर खडबडीत पृष्ठभागाच्याच घ्याव्यात.

स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा आणि पावसाचे पाणी आत येणारी बाल्कनी येथे लाकूड किंवा लॅमिनेट टाळलेले बरे. शयनगृह आणि अभ्यासाची खोली या त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा. तळमजल्यावर घर असेल, तर ओल आणि वाळवी यांचा बंदोबस्त आधी, जमीन नंतर.

बसविण्यापूर्वी आणि बसविताना

ओल तपासण्याचा सोपा उपाय घरीच करता येतो. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. चोवीस तासांनी आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर काम थांबवावे. नव्या इमारतीत ही तपासणी विशेष गरजेची आहे, कारण काँक्रीट वाळायला काही महिने लागतात.

जमीन समतल आहे का, हे लांब पट्टी आणि पाणसळ लावून पाहावे. दोन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा अधिक चढउतार असेल, तर आधी तो भरून घ्यावा. लाकूड किंवा लॅमिनेटची खोकी ज्या खोलीत काम करायचे तेथे किमान दोन दिवस ठेवावीत. भर पावसाळ्यात काम काढू नये. खाली प्लास्टिकचा आणि फोमचा थर असावा. भिंतीलगत सर्व बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडावी; ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. काम उरकण्याच्या घाईत ही फट सोडली जात नाही, म्हणून त्या वेळी स्वतः उभे राहावे. जुन्या फरशीवर नवा थर आल्यास दरवाजे खालून तासावे लागतात, याचीही आधीच कल्पना असावी.

माल मोजमापापेक्षा पाच ते दहा टक्के अधिक घ्यावा आणि उरलेल्या फळ्या जपून ठेवाव्यात. दर विचारताना फोम, स्कर्टिंग, मजुरी आणि कर धरले आहेत का, हे लेखी घ्यावे.

निगा

रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याची आपली सवय लाकडाला मानवत नाही. केर काढून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. पाणी सांडले, तर लगेच टिपून घ्यावे. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. फर्निचरच्या पायांना नमदा लावावा. समई आणि कुंड्यांखाली ताट असावे. चपला दाराबाहेर काढण्याची आपली जुनी पद्धत मात्र येथे फार उपयोगी पडते, कारण चपलांबरोबर आत येणारी वाळूच पॉलिश खरवडते.

एवढी निगा आपल्या घरात राखली जाईल का, हा प्रश्न खरेदीपूर्वी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर टाइल किंवा एसपीसी निवडण्यात कोणताही कमीपणा नाही. वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वावरता येईल, तीच जमीन आपल्या घराला योग्य.