दबक्या आवाजातली सत्ता : निळू फुले यांचे पाटील

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके त्या दिवशी मराठी मुलखात गेले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला. मंचेरियल, आसिफाबाद, निर्मल हा सारा टापू आंध्र प्रदेशात राहिला. गोदावरीकाठी राहून गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या मनातला महाराष्ट्र साधारणपणे त्याच सुमारास थांबला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येई तो महाराष्ट्र देशमुख-देशपांड्यांचा, वतनांचा, पाटील-कुलकर्ण्यांच्या कज्जांचा. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तिकडच्या खेड्यांत सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे आपल्याला नात्यागोत्यातल्या पत्रांतून फारसे कळले नाही. कळले ते बव्हंशी चित्रपटांतून, आणि चित्रपटांतूनही मुख्यत्वे एका नटाच्या मुद्रेतून. तो नट म्हणजे निळू फुले.

चरित्र अभिनेता ही संज्ञा आपण इंग्रजी चित्रव्यवसायाकडून घेतली. नायक-नायिका सोडून ठसठशीत माणसे उभी करणारा नट, असा तिचा ढोबळ अर्थ. इंग्लंडात अशा नटांना रंगभूमीची मोठी परंपरा आणि तिच्याबरोबर येणारी प्रतिष्ठा लाभली. आपल्याकडे त्यांच्या वाट्याला बहुधा दोनच गोष्टी आल्या : श्रेयनामावलीतले तिसरे-चौथे स्थान आणि प्रेक्षकांची घट्ट ओळख. निळूभाऊंच्या बाबतीत ही ओळख इतकी घट्ट होती की तिच्याआड त्यांचे ऐतिहासिक मोल झाकले गेले.

त्यांची जडणघडण चित्रपटांत झाली नाही. निळकंठ कृष्णाजी फुले पुण्याचे. तरुणपणी ते पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करीत. पगार ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये दरमहा राष्ट्र सेवा दलाला. सेवा दलाचे कलापथक हीच त्यांची नाट्यशाळा. या पथकांचे काम गावोगाव हिंडून लोकनाट्ये करण्याचे. विषय राजकीय, भाषा गावची, आणि समोरचा प्रेक्षक असा की पटले नाही तर उठून जाईल. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग त्यांनी स्वतः लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये ते उभे राहिले, आणि पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना सर्वत्र ओळख दिली. ‘रामनगरी’कार राम नगरकर हे या वाटचालीतले त्यांचे जिवलग सोबती. चित्रपटात ते आले १९६८ मध्ये, अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून. गावातल्या पुढाऱ्याची नक्कल करून लोकांना हसवण्यात दहा-बारा वर्षे घालवलेला हा कार्यकर्ता होता. तोच पुढारी त्याला आता पडद्यावर गंभीरपणे वठवायचा होता.

हा पुढारी कोण, हे नीट समजून घ्यायला १९६२ या सालाकडे पाहावे लागते. त्या वर्षीच्या कायद्याने महाराष्ट्रात वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी रद्द करण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. एका हाताने जुनी सत्ता काढली गेली आणि दुसऱ्या हाताने नवी दिली गेली. त्याआधीच, १९५०-५१ च्या हंगामात, प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरू लागले होते. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही कल्पना थोर होती आणि तिने हजारो घरांत पैसा नेला, हे विसरून चालणार नाही. पण कारखान्याला चेअरमन आला, पतपेढीला चेअरमन आला, पंचायत समितीला सभापती आला. पुष्कळ गावांत ही सारी पदे फिरून फिरून त्याच वाड्यात आली. पाटीलकी गेली तरी पाटील राहिला. पूर्वी त्याला सनद लागे, आता मते लागू लागली.

निळूभाऊंच्या अभिनयाचे मर्म मला या शेवटच्या गोष्टीत दिसते. मते मागावी लागणारा सत्ताधीश ओरडू शकत नाही. त्याला विचारपूस करावी लागते, खांद्यावर हात ठेवावा लागतो, लग्नाकार्यांना जावे लागते. त्यांच्याआधीचे पडद्यावरचे दुष्ट जमीनदार डोळे वटारीत, चाबूक उगारीत. निळूभाऊंचा पाटील खालच्या पट्टीत बोलतो, शब्द लांबवतो, वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे तिरप्या नजरेने पाहतो. धोतराचा सोगा, किंचित कललेली टोपी, अर्धवट मिटलेल्या पापण्या, आणि धमकीसुद्धा आपुलकीच्या स्वरात. हा स्वर त्यांनी कोठून आणला, याचे उत्तर कलापथकाच्या दौऱ्यांत असावे, असे मला वाटते. ज्यांच्या गावात वग करायचा त्यांच्याच ओसरीवर उतरायचे, जेवायचे, त्यांचे बोलणे ऐकायचे. निरीक्षणाला याहून चांगली जागा कोणती?

या पाटलाचे सर्वांत परिपूर्ण रूप म्हणजे ‘सामना’मधला हिंदूराव धोंडे-पाटील. विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. चित्रपट १९७४ चा, आणि पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव एका दारूच्या आहारी गेलेल्या, भणंग मास्तराला कुतूहलापोटी वाड्यावर घेऊन येतो. त्याला खाऊपिऊ घालतो, आपले साम्राज्य दाखवतो. मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारू लागतो आणि विचारतच राहतो. सगळा चित्रपट या दोघांच्या बोलण्याचालण्यात आहे. निळूभाऊंनी हिंदूरावाला कोठेही राक्षस केलेले नाही. त्याला आपल्या कर्तबगारीचा खराखुरा अभिमान आहे, माळरानावर आपण ऊस आणला ही त्याची श्रद्धा आहे, आणि मास्तराच्या फाटकेपणाविषयी त्याच्या मनात थोडा हेवाही आहे. अखेरीस तो कायद्याच्या हाती सापडतो, तरी प्रेक्षकाला विजयाचा आनंद होत नाही. त्याच्यावाचून ते गाव चालेल कसे, हा प्रश्न मागे उरतो.

आपल्या भागातल्या वाचकांसाठी यात एक विशेष आहे. याच तेंडुलकरांनी जवळजवळ त्याच सुमारास तेलंगणाच्या भूमीवर दुसरी पटकथा लिहिली. ती ‘निशांत’ची. हैदराबादेत वाढलेल्या श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट १९७५ चा, आणि त्याचा काळ १९४५ चा, म्हणजे निजामी अमलाच्या अखेरचा. तेथेही एक मास्तर आहे आणि एक वाडा आहे. वाड्यावरची माणसे मास्तराच्या पत्नीला पळवून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो, आणि रिकाम्या हाताने परततो. गिरीश कार्नाडांनी हा मास्तर केला, आणि अमरीश पुरींनी वाड्याचा धनी, ‘अण्णा’. मोहन आगाशे दोन्ही चित्रपटांत आहेत : ‘सामना’त ते नाहीसा झालेला मारुती कांबळे, आणि ‘निशांत’मध्ये अण्णाचे एक धाकटे भाऊ.

अण्णा क्वचितच बोलतो. त्याला बोलण्याची गरजच नाही. ‘दोरा’ म्हणजे काय हे इकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जमीन त्याची, वेठ त्याची, पोलिसही बव्हंशी त्याचेच. त्याला कोणाचे मत मागायचे नव्हते. हिंदूराव मात्र सतत बोलतो, समजावतो, पटवतो. पुरींची शांतता आणि फुल्यांचा दबका आवाज यांच्या मधल्या अंतरात जन्मसिद्ध सत्ता आणि निवडून आलेली सत्ता यांतला फरक कानाने ऐकू येतो. इतिहासाच्या ग्रंथांत तो इतका स्पष्टपणे मांडलेला मी तरी वाचलेला नाही. आणि दोहोंचा शेवटही पाहावा. ‘निशांत’मध्ये पुजाऱ्याच्या प्रेरणेने गाव उठते, आणि उठलेला जमाव अपराधी-निरपराधी हा भेद ठेवीत नाही. १९४६ ते १९५१ च्या सशस्त्र लढ्याच्या आठवणी ज्या घरांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा शेवट ओळखीचा वाटेल. ‘सामना’त कोणी उठत नाही. एक माणूस प्रश्न विचारतो, इतकेच घडते. आपल्याकडची वंशपरंपरागत पटेल-पटवारी पद्धत एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८४ मध्ये मोडली, महाराष्ट्राच्या कायद्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी. त्यानंतर इकडच्या गावांतही मते मागणारा, लग्नाकार्यांना येणारा, खांद्यावर हात ठेवणारा माणूस दिसू लागला. हिंदूरावाची ओळख असलेल्या मराठी घरांना तो नवखा वाटला नसावा.

निळूभाऊंच्या इतर मोठ्या भूमिकांविषयी थोडक्यात. १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणले आणि त्यावर बंदी आली. ती उच्च न्यायालयात उठली. टाकलेल्या बायकांना घरी आणणारा आणि आपले नियम तोंडावर सांगणारा सखाराम निळूभाऊंचा, चंपा लालन सारंगांची. ‘सिंहासन’ (१९७९) हा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा चित्रपट. त्यात जब्बार पटेल यांनी एक मार्मिक उलटापालट केली. मंत्र्यांच्या मेळ्यात इतरांना बसवले आणि निळूभाऊंना दिला पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचा खेळ जवळून पाहून पाहून अखेर भान हरपून बसणारा हा साक्षीदार त्यांनी विलक्षण संयमाने केला. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये ते गांधीवादी अप्पाजी झाले. या तिन्हींत पाटलाचा मागमूसही नाही. तरी ‘निळू फुले’ म्हटले की डोळ्यांपुढे टोपीच येते.

याचा दोष चित्रव्यवसायाकडे जातो. हिंदूराव यशस्वी झाल्यावर निर्मात्यांना हवा होता तो त्याचा साचा. पुढची पंधरा-वीस वर्षे त्यांच्याकडून तोच सरपंच, तोच सावकार, तीच वाईट नजर पुन्हा पुन्हा करून घेतली गेली. शेवटच्या दोन रिळांत नायकाने त्याला बदडले की प्रेक्षक सुखावून घरी जात. गावातला खरा चेअरमन दुसऱ्या दिवशी कारखान्यावर हजर असेच. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये (१९८४) हिंदी प्रेक्षकांनाही त्यांचा पुढारीच भेटला, तेथे तो मुंबईचा होता एवढेच. आज त्यांच्या नावावर खपणारी एक-दोन वाक्ये मुले मोबाइलवर ऐकतात आणि हसतात. नकलेने सुरू झालेली ही कथा नकलेतच येऊन थांबावी, याचे वाईट वाटते.

खेड्यांतल्या बाया त्यांना प्रत्यक्ष पाहून शिव्याशाप देत, असे ते स्वतः सांगत. तीच आपली पावती, असे ते मानीत. वास्तविक हा माणूस जन्मभर समाजवादी चळवळीचा शिपाई राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचे ठरले, तेव्हा डॉ. लागू आणि निळूभाऊ यांच्यासारख्या नामवंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. ‘सामना’तले मास्तर आणि हिंदूराव येथे एकाच कामासाठी झोळी फिरवीत होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ चा मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या मंडळाच्या सभासदांना एक सूचना करावीशी वाटते. हे दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात, लागोपाठच्या संध्याकाळी पाहावेत. आधी ‘निशांत’, मग ‘सामना’. घरातल्या वृद्धांना बरोबर बसवावे. ‘निशांत’चे तेलंगण त्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. ‘सामना’चा महाराष्ट्र त्यांनी सोडला तेव्हा तसा नव्हता, आणि त्याविषयी ते काय बोलतात ते कोणीतरी टिपून ठेवावे.