सोयाबीनचे घरचे बियाणे : किती पोत्यांची उगवण तपासावी?

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी उगवणक्षमता तपासावी, हे बहुतेक शेतकऱ्यांना माहीत असते. प्रत्यक्षात वरच्या दोन-तीन पोत्यांतील मूठभर बी घेऊन चाचणी केली जाते आणि निकाल सगळ्या साठ्याला लावला जातो. हा अंदाज किती वेळा चुकू शकतो, हे साध्या गणिताने काढता येते.

काही पोतीच खराब का होतात?

सोयाबीनच्या बियांचे बाह्य आवरण पातळ असते आणि बीजांकुर त्याच्या लगेच खाली असतो. पोते उंचावरून आपटले, जास्त उंच थप्पीत तळाशी दबले किंवा ओलसर भिंतीला, जमिनीला टेकले, तर त्यातील बियांची उगवण घटते. त्यामुळे एकाच शेतातील, एकाच दिवशी मळणी केलेल्या बियाण्यातही पोत्यागणिक फरक पडतो. वरून सगळी पोती सारखीच दिसतात.

उदाहरण

समजा, तुमच्या शेतकरी गटाने प्रत्येकी ३० किलोची २० पोती साठवली आहेत. त्यांपैकी १६ पोत्यांची उगवण ८० टक्के, तर ४ पोत्यांची ४० टक्के आहे. खराब पोती कोणती, हे कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही कोणतीही ३ पोती निवडून तपासता. तिन्ही चांगली निघण्याची संभाव्यता किती?

पायरी १ : २० पोत्यांतून ३ निवडण्याचे एकूण प्रकार काढा. पोती कोणत्या क्रमाने उचलली याला महत्त्व नाही. अशा निवडीला गणितात कॉम्बिनेशन म्हणतात.
(२० × १९ × १८) ÷ (३ × २ × १) = ११४०

पायरी २ : चांगल्या १६ पोत्यांतूनच ३ निवडण्याचे प्रकार काढा.
(१६ × १५ × १४) ÷ (३ × २ × १) = ५६०

पायरी ३ : भागाकार करा.
५६० ÷ ११४० = ०.४९

म्हणजे १०० पैकी सुमारे ४९ वेळा एकही खराब पोते हाती लागणार नाही आणि ‘सगळे बियाणे चांगले’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. नाणेफेक करण्यासारखीच ही गोष्ट झाली.

उरलेल्या शक्यता अशा :
- नेमके १ पोते खराब : ४ × १२० = ४८० प्रकार, म्हणजे ४२ टक्के
- नेमकी २ खराब : ६ × १६ = ९६ प्रकार, म्हणजे ८ टक्के
- तिन्ही खराब : ४ प्रकार, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी

५६० + ४८० + ९६ + ४ = ११४०. बेरीज जुळली, म्हणजे कोणताही प्रकार सुटला नाही.

जास्त पोती तपासली तर?

चारही खराब पोती नजरेतून सुटण्याची शक्यता :
- १ पोते तपासल्यास : ८० टक्के
- २ पोती : ६३ टक्के
- ३ पोती : ४९ टक्के
- ५ पोती : २८ टक्के
- ८ पोती : १० टक्के
- १० पोती : ४ टक्के

हे आकडे ४ पोती खराब असतील तेव्हाचे आहेत. खराब पोते एकच असेल, तर १० पोती तपासूनही ते सुटण्याची शक्यता ५० टक्के राहते. शिवाय पोती चिठ्ठ्या टाकून निवडली तरच हे गणित लागू पडते. हाताला येणारी वरचीच पोती घेतली, तर तळाचे दबलेले पोते कधीच तपासले जात नाही.

सगळ्यांचे बी एकत्र करून तपासणे धोक्याचे

सर्व २० पोत्यांतील बी एकत्र मिसळून एकच चाचणी केली, तर सरासरी येईल : (१६ × ८० + ४ × ४०) ÷ २० = ७२ टक्के. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवण अपेक्षित असते. म्हणजे साठा ‘पास’ होईल. पण ज्या सभासदांच्या वाट्याला ती ४ पोती येतील, त्यांच्या शेतात उगवण विरळ होईल आणि दुबार पेरणीची वेळ येईल. एकरी ३० किलो धरले, तर हे ४ एकरांचे नुकसान आहे.

मग काय करावे?

प्रत्येक पोत्याची वेगळी चाचणी करावी. एका चाचणीला १०० बिया लागतात. २० पोत्यांसाठी २००० बिया, म्हणजे साधारण पाव किलो सोयाबीन. नुकसानीच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

१. पोत्यांवर क्रमांक टाकावेत. प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून बी घ्यावे.
२. निवड न करता १०० बिया मोजून ओल्या गोणपाटावर १०-१० च्या ओळीत मांडाव्यात. दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी करावी, तिला पोत्याचा क्रमांक बांधावा आणि ती सावलीत ठेवावी.
३. गोणपाट ओलसर राहील इतके पाणी शिंपडत राहावे.
४. सात-आठ दिवसांनी मूळ व कोंब दोन्ही सशक्त असलेली रोपेच मोजावीत. कुजलेली, वाकडी धरू नयेत.

निकालानुसार निर्णय

- ७० किंवा अधिक : एकरी ३० किलो बियाणे वापरावे.
- ६० ते ६९ : प्रमाण वाढवावे. ३० × ७० ÷ उगवण, या सूत्राने ६० टक्क्यांना एकरी ३५ किलो लागते.
- ६० पेक्षा कमी : ते पोते पेरणीसाठी वापरू नये.

१०० बियांच्या चाचणीत चार-पाच बियांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यामुळे ६० किंवा ७० च्या आसपास निकाल आलेल्या पोत्याची चाचणी पुन्हा करावी. यासाठी हाताशी वेळ हवा, म्हणून मे महिन्यातच चाचण्या उरकाव्यात. एखादे पोते नापास झाले, तरी पाऊस येण्यापूर्वी दुसऱ्या बियाण्याची सोय करता येते.