गिलावा, लेण्यांतील : भरणद्रव्ये व अवशिष्ट प्रतिबले

रंगकामासाठी कातळावर दिलेला मातीचा वा चुन्याचा थर. बांधून ठेवणारे द्रव्य आणि त्याला आवरणारी तंतुमय व कणमय भरणद्रव्ये अशी त्याची दोन अंगे असल्याने तो एक संमिश्र पदार्थच होय.

पुणे जिल्ह्यातील जुन्नरभोवतीच्या तुळजा, मानमोडी, शिवनेरी व गणेश (लेण्याद्री) या डोंगरांत इ. स. पू. सु. दुसरे ते इ. स. तिसरे शतक या काळात, नाणेघाटातून जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आश्रयाने बौद्ध लेणी खोदली गेली. त्यांतील रंगकाम बहुतेक नाहीसे झाले आहे. शिवनेरीवरील सपाट छताच्या एका चैत्यगृहात मात्र चौकोनांत रेखलेल्या एककेंद्री वर्तुळांचे अवशेष टिकून राहिले.

असा थर पावसाने व माणसाच्या हाताने गळतो, तसाच तो स्वतःच्या पोटातील ताणानेही गळतो. ओली माती सुकताना आकसते, कातळ आकसत नाही. या विरोधातून थरात कायमचा कोंडून राहणारा ताण म्हणजे अवशिष्ट प्रतिबल. बेसाल्टापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजे असतात. त्यांचे पापुद्रे सु. १ नॅनोमीटर जाडीचे असून त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते व सुकली की भेगाळते. कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यास उन्हाळ्यातील या भेगा परिचयाच्या आहेत. अजिंठ्याच्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून मातीत वाळू, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळले आणि जाड थरावर बारीक मातीचा पातळ थर दिला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंतू आकुंचन रोखतात आणि एका मोठ्या भेगेऐवजी ताण अनेक सूक्ष्म भेगांत वाटून टाकतात.

याउलट प्रकार अजिंठ्यासच घडला. निझामाच्या राज्यात १९२०–२२ मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांनी सुटलेला गिलावा बसविला. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून आकसले व त्याने रंगाचे पापुद्रे ओढून उचलले. हेतू संरक्षणाचाच होता. भरणद्रव्याविना राळेचे पटल चढविणे मात्र महागात पडले.

कार्बन तंतू व इपॉक्सी राळ यांच्या आधुनिक पटलित संमिश्रांतही हाच प्रश्न उद्भवतो. राळ उष्णतेने घट्ट होताना व नंतर थंड होताना आकसते. तंतूची लांबी जवळजवळ बदलत नाही. ०° व ९०° दिशांचे दोनच थर एकमेकांवर चिकटविल्यास पत्रा थंड होताना वाकतो आणि त्या वक्रतेवरून प्रतिबल मोजता येते. राळेत सिलिका, कार्बन नलिका वा माती यांचे अब्जांश कण मिसळल्यास तिचे आकुंचन घटते. मातीचा असा उपयोग जपानमधील टोयोटाच्या प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात नायलॉनच्या बाबतीत रूढ केला, तो प्रामुख्याने बळकटीसाठी. जे खनिज पाणी पिऊन गिलावा फोडते, तेच पापुद्र्यांत बहुवारिक शिरल्यावर त्याला आवरून धरते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कण मिसळताच प्रतिबल घटेलच असे नाही. भरणद्रव्याने राळ ताठरही होते; आकुंचनातील घट ताठरतेतील वाढीपेक्षा अधिक असेल तरच लाभ होतो. कणांच्या गुठळ्या झाल्यास तेथेच ताण एकवटून तडा सुरू होतो. शिवाय प्रमाण वाढताच राळ दाट होते व तंतूंमध्ये नीट झिरपत नाही.