पंप लपवू नका: दम्याच्या औषधाची गोष्ट

आजचा विषय बोईसर स्टेशनवर सुचला. सकाळची लोकल पकडायला जिना धावत चढलेला एक मुलगा गर्दीकडे पाठ करून गुपचूप पंप ओढत होता. मी लगेच ओळखलं, कारण दहावीपर्यंत माझाही पंप कंपासपेटीत लपलेला असायचा. आत्या म्हणायची, "पंपाची सवय लागते रे, मग सुटत नाही." म्हणून अगदीच जीव घाबरला की मगच घ्यायचो. आज बघू, हा पंप आला कुठून आणि आत्याचं कुठे चुकलं.

दमा काही नवा नाही. चरकसंहितेत 'तमक श्वास' नावाने त्याचं वर्णन आहे: आडवं झालं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, ढगाळ हवा आणि गारवा बाधतो. दमेकऱ्याला वाटेल, अरे, हे तर माझंच! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचा धोतऱ्याचा धूर ओढायचा उपाय ब्रिटनला गेला आणि पुढे तिकडे दम्यासाठी चक्क सिगारेटी विकल्या गेल्या. (धोतरा विषारी आहे, प्रयोग करू नका!)

आता या 1955 च्या अमेरिकेत. जॉर्ज मेसन हे रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख. त्यांच्या 13 वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या उपकरणाचा रबरी फुगा दाबून ती औषध घ्यायची. एकदा तिने विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं हे डबीत का नाही भरत? 1956 मध्ये पहिला पंप बाजारात आला. ज्या वयात मी पंप लपवत होतो, त्याच वयाच्या मुलीमुळे तो जन्माला आला!

मग 1969. आपल्या तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं ते वर्ष. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये साल्ब्युटामॉलचा पंप आला. आवळलेल्या श्वासनळ्या तो काही मिनिटांत मोकळ्या करतो, पण आतली सूज तशीच राहते. सुजेवरचा स्टेरॉइडचा पंप आला 1972 मध्ये. स्टेरॉइड म्हटलं की घरचे दचकतात, पण हा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसात जातो. 2019 मध्ये 'जिना' या जागतिक दमा संस्थेने स्पष्टच सांगितलं: मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी फक्त आराम देणाऱ्या पंपावर राहू नये. म्हणजे मी कित्येक वर्षं 1969 मध्येच अडकलो होतो. सवय औषधाची लागत नाही. सूज उरते, म्हणून पंप पुन्हा पुन्हा लागतो.

आपल्या भागात हे जास्तच महत्त्वाचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात प्रदूषित होतं. प्रत्येकाचा दमा एमआयडीसीमुळेच झाला, असं मी म्हणणार नाही. पण सुजलेल्या नळीला धूर, उग्र वास, पावसाळ्यातली बुरशी लगेच झोंबते.

रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत सूं-सूं, जिना चढताना छाती आवळणं, हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करता येईल का, विचारा. पंप नीट हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताना हळू आत ओढा, दहा सेकंद रोखा. स्पेसर असेल तर उत्तम. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा. बरं वाटलं म्हणून तो मनाने बंद करू नका. आणि पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

माझा पंप आता शर्टाच्या वरच्या खिशात असतो, सगळ्यांना दिसेल असा. तुमचा कुठे असतो? भेटू पुढच्या भागात.