वाघिणीची नोंद आणि चालकाची नोंद

गाडी मालकाच्या आवारात उभी असते तोवर तिच्यावर नजर ठेवावी लागत नाही. ती परक्या हद्दीत गेली म्हणजे काळजी सुरू होते. इंग्लंडातील रेल्वे कंपन्यांना हा अनुभव १८४० च्या सुमारास आला. रूळ एकमेकांना जोडले गेले, मालक मात्र निरनिराळे राहिले. एका कंपनीची वाघीण माल घेऊन दुसरीच्या मार्गावर गेली, की भाड्यात कोणाचा वाटा किती आणि वाघीण परत केव्हा, यावर तंटे होत.

तोड निघाली ती पेढीवाल्यांच्या रिवाजातून. लंडनच्या पेढ्या परस्परांची देणीघेणी एका ठिकाणी वळती करून उरलेली बाकीच तेवढी चुकवीत. त्याच धर्तीवर जानेवारी १८४२ मध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाऊस’ सुरू झाले. केनेथ मॉरिसन हा त्याचा पहिला व्यवस्थापक. पण मला त्याच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो एक अगदी सामान्य नोकर, नंबर टिपणारा. दोन कंपन्यांचे मार्ग जेथे मिळत तेथे तो वही घेऊन उभा राही आणि जाणाऱ्या प्रत्येक वाघिणीचा क्रमांक उतरून घेई. इतकेच काय, मालावरची ताडपत्रीसुद्धा त्याच्या वहीतून सुटत नसे! ही टिपणे लंडनला जात. तेथले कारकून ती ताडून पाहत, आणि वाघीण मुदतीबाहेर अडकवून ठेवणाऱ्या कंपनीवर दंड बसे. हा टिपणारा कोणत्याच कंपनीचा नोकर नव्हता, क्लिअरिंग हाऊसचा होता. म्हणून त्याच्या आकड्यावर सर्वांचा भरवसा बसला.

१९६७ पासून अमेरिकेत हे काम यंत्रावर सोपवून पाहिले. वाघिणींवर रंगीत पट्ट्या लावल्या. त्या धुळीने नि चिखलाने माखल्या, यंत्राला वाचता येईनात, आणि दहा-अकरा वर्षांत तो नाद सोडावा लागला.

वाघिणीत माणूस बसत नाही, मालमोटारीत बसतो. येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. टॅकोग्राफ हे यंत्र कागदी तबकडीवर वेग, अंतर आणि चालकाच्या कामाचे तास रेखीत असे. चालक मंडळी त्याला गाडीतला हेर म्हणत. त्यांच्या संघटनांच्या विरोधामुळे ब्रिटनने ते सक्तीचे करण्यास टाळाटाळ केली. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल ब्रिटनविरुद्ध दिला. चालकांचा राग समजण्यासारखा होता. तरी विश्रांती न देता गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाविरुद्ध तीच तबकडी पुरावा ठरे, हेही विसरता कामा नये. आता उपग्रहांच्या साहाय्याने मालकाला कचेरीत बसल्या बसल्या गाडी दिसते. वही कंपनीची, टिपणाराही कंपनीचाच. तबकडीच्या बाबतीत निदान चालकाने मागितल्यास त्याला नक्कल द्यावी, असे कलम युरोपच्या नियमांत होते.