दलालीची भाकरी

प्रवासाची विक्री हा व्यवसाय रेल्वेच्या युगातला. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० मंडळी आगगाडीने नेली. १८८१ मध्ये त्यांच्या पेढीचे कार्यालय मुंबईतही उघडले. पुढे दूरध्वनीमुळे विक्रेत्याची वाणी हेच त्याचे दुकान झाले. अमेरिकेतील विमानकंपन्या तिकिटामागे साधारण दहा टक्के दलाली देत. फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्टाने देशांतर्गत परतीच्या तिकिटावर ५० डॉलरांची मर्यादा घातली. मार्च २००२ मध्ये तिने मूळ दलालीच थांबविली. तिकिटे संगणकावर विकली जाऊ लागली होती. ठराविक वेतनावर परमुलखात राहणाऱ्या आपणांस हे आकडे किरकोळ वाटतील. पण विक्रीवरच ज्याची चूल पेटते, त्याच्या दृष्टीने ती वेतनकपातच होती.