गडचिरोली जिल्हा : उद्योग व बांधकाम
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला महाराष्ट्राचा वनप्रधान जिल्हा. भात, बांबू व तेंदूपान हे येथील जुने आधार. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड टेकड्यांत उच्च प्रतीचे लोहखनिज असून २०२१ नंतर उत्खननाला वेग आला. जड ट्रकांनी आष्टी–आलापल्ली रस्त्याची पार चाळण केली. म्हणूनच खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीच्या कारखान्यापर्यंतचा सुमारे ८५ किमी. लांबीचा नळमार्ग मोलाचा : त्यातून दळलेले खनिज पाण्यात मिसळून कारखान्यात पोचते. रेल्वे दीर्घकाळ देसाईगंजला (वडसा) स्पर्शून जाण्यापुरतीच होती. वडसा–गडचिरोली मार्गाचे काम रेंगाळले. सुरजागड टेकड्यांवर माडिया आदिवासींचे ठाकूरदेव हे दैवत आहे. अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध केला असून वनहक्क कायद्याखालील त्यांच्या संमतीचा प्रश्न डावलता येणार नाही.